जनतेचं बटण

सरकार लोकांच्या मनासारखं चालतं की नाही, हे विचारायचं असेल तर माझ्या नवऱ्याला विचारा. उत्तर मिळणार नाही, कारण बोलणं हा त्यांचा प्रांतच नव्हे. पण लोकांचं मन किती वर ठेवायचं आणि किती खाली, हे आमच्या गावात कित्येक वर्षं ह्यांच्याच उजव्या हातात होतं. वर-खाली सरकणारं एक काळं बटण. त्याच्याखाली पांढऱ्या चिकटपट्टीवर ह्यांच्या गिचमिड अक्षरात लिहिलेलं, ‘जनता’. शेजारच्या बटणाखाली लिहिलेलं, ‘साहेब’.

ह्यांचा धंदा माइक-स्पीकरचा. सरकारी सभागृहातल्या सगळ्या सभा, सुनावण्या, सत्कार, श्रद्धांजल्या ह्यांच्याकडे. दिवसभर माइकपुढे उभं राहून “चेक, चेक” एवढंच बोलायचं, म्हणून गल्लीत ह्यांना चेकचेक म्हणतात. लग्नानंतर पहिला महिनाभर मला वाटलं, माणूस लाजाळू आहे. मग कळलं की लाजाळू नाही, बंद आहे. भाजीत मीठ जास्त झालं तरी गप्प, मीठच नसलं तरी गप्प. एकदा घरमालकाने आमच्या खिडकीसमोर पत्र्याची शेड ठोकली आणि घरात दिवसा दिवा लावायची पाळी आली, तेव्हा हे म्हणाले, “डोळ्यांना सवय होईल.” कर्म माझं!

ह्यांची आई ह्यांना ‘मुक्या’ म्हणते. लाडाने म्हणते, पण हाक अशी की पलीकडच्या गल्लीतले दोन-चार मुके वळून बघतील. सासूबाईंचा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेला. तिथे शेजारणीला दोरा मागायचा तरी ओरडूनच मागायला लागायचा. कानही त्यातच गेले अर्धे. माग बंद पडले, कारखान्याला कुलूप लागलं, पण सासूबाईंचा आवाज काही खाली आला नाही. एकटीनेच घरातला एवढा आवाज वापरल्यावर लेकाच्या वाट्याला उरणार काय?

त्या राहतात रेल्वेरुळांच्या पलीकडे, त्याच बंद कारखान्यामागच्या एका खोलीत. आम्ही अलीकडे. मध्ये रेल्वेचं फाटक. आम्हा सासूसुनेचं चांगलं पटतं, आणि त्याचं सगळं श्रेय त्या फाटकाला. एका घरात राहिलो असतो तर आठवड्यात एकमेकींच्या झिंज्या उपटल्या असत्या, हे दोघींनाही ठाऊक. त्यांचे गुडघे गेलेत, आणि एकदा गॅस चालू ठेवून झोपल्या तेव्हापासून आम्ही शेगडी काढून घेतली. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ डबा माझ्याकडून. फाटक ओलांडलं की समोर त्यांची खोली. भात अजून वाफाळत असायचा. जरा उशीर झाला की काठी टेकत रुळापर्यंत यायच्या आणि तिथून हाक मारायच्या, “ए मुक्या! डबा कुठाय?” फाटकवाला त्याच्या खोलीतून मान काढून मला खूण करायचा, “वहिनी, निघा, सिग्नल पडला!”

तर या फाटकावर सरकारची नजर पडली.

आधी दोन मुली आल्या, गळ्यात ओळखपत्रं, हातात फोन. गल्लीत घरोघर फिरून एकच प्रश्न विचारला, “गाड्या वेळेवर धावाव्यात असं तुम्हाला वाटतं का?” आता याला नाही कोण म्हणणार? शेजारची शिंपीण हो म्हणाली, मी हो म्हणाले, फाटकवाला तर छाती पुढे काढून हो म्हणाला, कारण गाडी उशिरा आली की शिव्या त्यालाच बसायच्या. रुळांपलीकडे त्या पोरी गेल्याच नाहीत. तिकडे फोनला रेंज नसते.

पुढल्याच महिन्यात भोंगा लावलेली रिक्षा गल्लीत आली. “बहुसंख्य जनतेच्या इच्छेनुसार रेल्वे फाटक कायमचे बंद करण्यात येत असून तेथे संरक्षक भिंत उभारण्यात येत आहे. नागरिकांनी उड्डाणपुलाचा वापर करावा.” अगं बाई! म्हणजे आम्हीच मागितली होती म्हणे भिंत. शिंपीण सुई तोंडात धरून माझ्याकडे बघतच राहिली. फाटकवाला म्हणाला, “पण मला तर त्यांनी गाड्यांचं विचारलं होतं.” भोळा बिचारा. आणि तो उड्डाणपूल! तो गाड्यांसाठी बांधलाय, माणसांसाठी नाही. गावाला वळसा घालून जायचं, चढायचं, कठड्याला खेटून चालायचं आणि मागून येणाऱ्या ट्रकच्या दयेवर पलीकडे उतरायचं. तोवर डब्यातल्या भाताचा दगड.

गल्ली खवळली. हरकती ऐकायला सरकारने मोठ्या मनाने जनसुनावणी ठेवली. सगळ्यांच्या वतीने एकाने बोलायचं ठरलं, आणि माझं नाव निघालं. माझी जीभ गल्लीत प्रसिद्ध आहे. दुधात पाणी घालणारा गवळीसुद्धा माझ्या दारात शुद्ध दूध घालतो.

सुनावणीचा माइक अर्थातच ह्यांचा. आता ते ‘जनता’ बटण काय प्रकार आहे, ते सांगते. सभागृहात माइक दोन. एक व्यासपीठावर, साहेबांचा. दुसरा खाली, लोकांसाठी उभा केलेला. साहेबांचं बटण कायम वर. जनतेचं बटण मधल्या एका खुणेपर्यंतच न्यायचं, त्यापुढे नाही, असा तिथला रिवाज. शिवाय मोठ्या साहेबांची एक खोड. कुणी फारच नेमकं बोलायला लागलं की ते कानाच्या पाळीला हळूच बोट लावायचे. लावलं की ह्यांनी बटण खाली आणायचं. बोलणाऱ्याला वाटायचं, आपलाच घसा बसला. मी एकदा ह्यांना म्हटलं होतं, “मेल्या गरिबांचे शब्द गिळता तुम्ही.” तर म्हणाले, “मी कुठे गिळतो? लोक ओरडतात, स्पीकर फाटतो.” मोठे आले स्पीकरची काळजी करणारे.

पण या खेपेला मी बजावून ठेवलं होतं. आदल्या दिवशी भाकरी थापता थापता भाषणाची तालीम केली, आणि ह्यांच्याकडे वळून म्हटलं, “प्रश्न तुमच्या आईच्या जेवणाचा आहे. माझा माइक नीट ठेवा.”

“ठेवतो,” म्हणाले.

“साहेबांनी कान धरू दे की नाक.”

“ठेवतो म्हटलं ना.” एका वाक्यात तीन शब्द! मला केवढा धीर आला.

सुनावणीला सभागृह भरलेलं. वर साहेब, त्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांचे हुजरे, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. बाजूच्या भिंतीला लागून ह्यांचं टेबल. मी माइकसमोर गेले, “नमस्कार” म्हटलं, आणि माझा आवाज असा घुमला की मीच दचकले. ह्यांनी शब्द पाळला होता. मग काय विचारता! मी फाटकाचं सांगितलं, पलीकडच्या म्हाताऱ्यांचं सांगितलं, डब्याचं सांगितलं. शिंपीण मागून “बरोबर, बरोबर” करत होती. मग मी साहेबांना सरळ विचारलं, “तुमच्या पोरींनी गाड्यांचं विचारलं, भिंतीचं विचारलं होतं का? आमच्या तोंडात हे शब्द घातले कुणी?”

साहेबांचं बोट कानाला गेलं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघतच नव्हते. नजर साहेबांवर, नेहमीसारखी, आणि उजवा हात आपोआप खाली येत होता. मी बोलत होते आणि माझा आवाज माझ्या डोळ्यांदेखत सभागृहातून निघून चालला होता. मी घसा ताणला. घशाचं चिरगूट झालं. मागच्या रांगेतले लोक “काय? काय म्हणाल्या?” करायला लागले. साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, आणि त्यांचा आवाज काय सुंदर घुमला, “धन्यवाद ताई. अजून कुणाला काही बोलायचं आहे?”

मी तरातरा घरी आले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आणि हे महाराज चपला काढता काढता मला म्हणतात, “छान बोललीस. शेवटचं तेवढं नीट ऐकू आलं नाही.”

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. थट्टा नव्हती हो. ह्यांना खरंच माहीत नव्हतं! हात ह्यांचा, बटण ह्यांचं, बायको ह्यांची, आणि ह्या माणसाला पत्ताच नाही. साहेबांचं बोट उठलं की ह्यांचा हात खाली येतो, मध्ये डोक्याला कुणी विचारतच नाही. मुद्दाम केलं असतं तर मी भांडले असते. याच्याशी काय भांडणार? मी अबोला धरला. गंमत म्हणजे तो अबोला आहे, हे कळायलाही ह्यांना चार दिवस लागले.

निकाल लागला. सभागृहाच्या दारावर कागद चिकटवला, “जनसुनावणीच्या ध्वनिमुद्रणात एकही स्पष्ट हरकत ऐकू आली नाही. सबब जनतेची संमती आहे असे समजण्यात येते.” ध्वनिमुद्रण! तेही ह्यांच्याच मशीनमधून. ह्यांनी तो कागद दोनदा वाचला. मग खाली मान घालून आत जाऊन खुर्च्या मोजायला लागले.

भिंत उभी राहिली. रस्त्याचा खड्डा बुजवायला या लोकांना तीन सरकारं लागतात, भिंत मात्र भराभर वर गेली. फाटकवाल्याची बदली कुठल्या तरी जंगलातल्या स्टेशनात झाली. मी पुलावरून डबा न्यायला लागले. एकच वेळ जमायचं. संध्याकाळी सासूबाई सकाळचंच गारढोण खायच्या. आमच्याकडे येऊन राहा म्हटलं, तर आठवडाभर राहिल्या, माझी भांडी तीनदा नव्याने मांडली, मी तीनदा परत मांडली, आणि एका सकाळी काठी घेऊन उभ्या राहिल्या. “मला माझ्या खोलीत सोड. उपाशी राहीन, पण माझ्या घरात राहीन.” अंगाने अर्ध्या झाल्या होत्या. पुलावर त्यांना हाताला धरून नेताना एक ट्रक इतक्या जवळून गेला की त्यांच्या पदराने हवेत गिरकी घेतली. त्या फक्त म्हणाल्या, “ही भिंत मागितली कुणी?” मी म्हटलं, “जनतेने.” त्या म्हणाल्या, “कोण ती मेली?”

मग उद्घाटन आलं. हो, भिंतीचं उद्घाटन. पूल, शाळा, दवाखाना यांचं असतं, भिंतीचंही असू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. खुद्द मंत्री येणार. भिंतीवर संगमरवरी पाटी, ‘लोकेच्छेचे प्रतीक’, त्यावर पडदा. भिंतीला पाठ लावून मंडप. माइक-स्पीकर कुणाचे, ते सांगायला नको.

त्या दिवशी मी सकाळीच डबा घेऊन निघाले, तर पुलाच्या तोंडाशी पोलीस. “पूल बंद. मंत्र्यांचा ताफा यायचाय.”

मी म्हटलं, “म्हातारी उपाशी आहे हो पलीकडे.”

“मॅडम, लोकांच्याच कार्यक्रमाला येतायत ते. जरा सहकार्य करा.”

ताफा यायला दुपार झाली. मी डबा कवटाळून मंडपाच्या कडेला उभी राहिले, शिंपीण शेजारी. हे भिंतीजवळच्या टेबलाशी, सकाळपासून “चेक, चेक, चेक” चाललेलं. चार दिशांना चार कर्णे. ते चेकचेक भिंतीवरून पलीकडे जात होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मंत्री उठले. गुबगुबीत हात जोडले. “बंधूंनो आणि भगिनींनो, ही भिंत मी बांधली नाही. ही भिंत तुम्ही बांधलीत! सरकार म्हणजे कोण? सरकार म्हणजे तुमच्या मनाचा आरसा!” हुजऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गल्लीने हात खिशात ठेवले.

आणि भिंतीच्या पलीकडून हाक आली.

“ए मुक्या! अरे ए मुक्या! डबा कुठाय रे?”

सगळा मंडप भिंतीकडे वळला. मंत्री हसून म्हणाले, “ऐका! पलीकडच्या माताभगिनींचेसुद्धा आशीर्वाद आहेत!” या लोकांची कातडी कशाची बनवलेली असते, देव जाणे.

“सकाळपासून पोटात अन्न नाही माझ्या! तिकडे चेकचेक करतोस, आई मेली का जगली बघशील की नाही?”

मंत्र्यांशेजारी बसलेल्या मोठ्या साहेबांचं बोट कानाला गेलं.

आणि ह्यांचा हात उठला. सख्खी आई भुकेने ओरडतेय आणि ह्या माणसाचा हात तिचा आवाज कमी करायला निघालाय! ह्यांनी ‘जनता’ खाली ओढलं. आईचा आवाज तेवढाच. साहेबांनी कान जोरात चोळला. ह्यांनी शेजारचं बटण ओढलं, मग त्याच्या शेजारचं, गाण्याचं, सनईचं, जे हाताला लागेल ते. घाम फुटला होता. आईचा आवाज काही तसूभर कमी होईना. तिच्यापुढे माइक होता कुठे? शेवटी एकच उरलं होतं, ते ‘साहेब’. ह्यांनी तेही खाली ओढलं.

मंत्र्यांचे ओठ हलत होते. हात हलत होते. आवाज मात्र सगळ्या मंडपात एकच.

“ही भिंत मागितली कुणी रे? मला तर कुणी विचारलं नाही! तू मागितलीस का?”

हे आपल्या हाताकडे बघत होते. पाच बोटं त्या बटणावर, बटण तळाला टेकलेलं. साहेब आता कान सोडून सरळ हातवारे करायला लागले, वर घे, वर घे! हुजरे टेबलाकडे धावले. हे उभे राहिले, भिंतीकडे तोंड केलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा मी माझ्या नवऱ्याचा आवाज ऐकला.

“नाही गं आई! मी नाही मागितली! कुणीच नाही मागितली!”

काय आवाज तो! आईचाच, अगदी तसाच, माग चालू असतानाही ऐकू जाईल असा. इतकी वर्षं हा ठेवला कुठे होता? मग शिंपीण ओरडली, “कुणीच नाही!” मग आख्खी गल्ली. मंत्री तोंड उघडं टाकून उभे होते आणि त्यांच्यापुढचा माइक मुका.

मी पुढे झाले आणि ह्यांच्या हातात डबा दिला. अबोला धरल्यापासून पहिल्यांदा बोलले, “गार झालाय. चला.” हुजरे बटणं वर-खाली करत बसले होते, पण त्यांना ‘साहेब’ कुठलं आणि ‘जनता’ कुठलं, ते ह्यांच्या अक्षरामुळे लागेना. आम्ही पुलाकडे निघालो.

सासूबाई दारात बसल्या होत्या, घसा बसलेला. ह्यांनी डबा उघडून पुढ्यात ठेवला. त्यांनी भाताचा कडक झालेला गोळा फोडला आणि लेकाला म्हणाल्या, “ओरडायचं कशाला एवढं? मी काय बहिरी आहे?” आणि मग घास तसाच हातात धरून रडल्या. हेही रडले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘तांत्रिक बिघाडामुळे उद्घाटनात किरकोळ व्यत्यय’. ह्यांचं सभागृहाचं काम गेलं. भिंत आहे तिथेच आहे, पाटीही आहे. जनतेच्या बटणावर आता दुसरा कुणीतरी बसतो, साहेबांनी कानाला बोट लावलं की त्याचा हात खाली येतो. पुलावरून सकाळी मी डबा नेते आणि संध्याकाळी हे नेतात. परवा पुलावर एका ट्रकवाल्याने फारच जवळून हॉर्न मारला, तर आमच्या या तांत्रिक बिघाडाने मागे वळून त्याला अशी शिवी हासडली की ती पलीकडे सासूबाईंना घरात बसून ऐकू आली.

डबा पोचला तेव्हा त्यांनी ताट आधीच मांडून ठेवलं होतं.